छोटी नळी, बत्तीसची गोळी: प्रकल्प नोंदी

१ मार्च २०२५, शनिवार

काम ठरलं. नेमबाजी क्लबच्या नव्या प्रशिक्षण खोलीसाठी पाच फलक आणि त्यांच्याखाली मांडायची मॉडेलं. विषय तिथल्या प्रशिक्षक सरांनी एका वाक्यात सांगितला: स्वसंरक्षणासाठी छोट्या नळीचं हत्यार घेतलेल्या माणसाला काडतुसाबद्दल काय ठाऊक असायला हवं. २०१६च्या शस्त्र नियमांपासून परवाना मागणाऱ्याला सुरक्षिततेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. त्या बॅचला समोर काहीतरी दिसेल असं हवंय. सर म्हणाले, "बिल्डर असो, सराफ असो, डॉक्टर असो, पहिला प्रश्न एकच. सर, सगळ्यात भारी गोळी कुठली? ह्याचं उत्तर भिंतीवर लावून टाक म्हणजे मी सुटलो."

मी बंदुकांमधली नव्हे. मी शाळा-संग्रहालयांसाठी मॉडेलं करते. गेल्या वर्षी एका शाळेला पोट कापून दाखवलेला पाण्याचा पंप करून दिला, पोरं अजून त्यात बोटं घालतात. पण घरात रिव्हॉल्व्हर आहे. आबांचं. मार्केट यार्डात गुळाचा गाळा होता तेव्हा संध्याकाळची रोकड घेऊन घरी यायचे, म्हणून ९८ साली घेतलेलं कानपूर फॅक्टरीचं .३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास, इथे इंचात). नळी तीन इंच, वजन पाऊण किलोच्या आत. लहानपणी आम्हा भावंडांना त्या कपाटाकडे बघायचीसुद्धा बंदी होती. आता मापं घ्यायला तेच कपाट उघडायचंय.

४ मार्च, मंगळवार

आबा स्वतः बसले, रिव्हॉल्व्हर वरून उघडून रिकामं असल्याचं दोनदा दाखवलं, मग काडतुसं टेबलावर मांडली. मी व्हर्नियर लावला. पुंगळीसकट लांबी साडेबत्तीस मिलिमीटरच्या आसपास, गोळीचा व्यास आठ मिलिमीटरला किंचित कमी. बुडावर 'केएफ' ही अक्षरं. केएफ म्हणजे आपली खडकी. १८६९ सालापासूनचा दारूगोळा कारखाना. २०२१ साली ऑर्डनन्स बोर्ड मोडून कंपन्या झाल्या तेव्हा तो म्युनिशन्स इंडियाकडे गेला. आयुष्यभर खडकीवरून लोकलनं जाऊनही आपल्याच कपाटात खडकीचा माल आहे हे मला माहीत नव्हतं.

मापं घरीच घेतली. एक काडतूस पर्समध्ये टाकून वर्कशॉपला नेलं असतं तर काम सोपं झालं असतं, पण परवाना आबांचा आहे, माझा नाही. शस्त्र कायद्यात हत्याराइतकाच काडतुसाचाही हिशेब लागतो. एक जिवंत काडतूस सापडलं तरी गुन्हा दाखल होऊ शकतो. हे वाक्य पाचव्या फलकावर हवं. "नवऱ्याचं आहे, मी फक्त बॅगेत ठेवलं होतं" म्हणणाऱ्या बायका सरांनी पाहिल्यात.

काडतुसं मात्र मला बरी वाटली नाहीत. चामड्याच्या पट्ट्यातली सहा बाहेर काढली तर पितळ कळकलेलं. न कल्हई केलेल्या पातेल्यात ताक ठेवल्यावर येतो तसा हिरवा थर. बुडाच्या टोपीभोवती (घोडा आपटला की हीच दारू पेटवते) काळपट तेल आणि त्यात बसलेला पिवळा-लाल चिकटा. हळदकुंकू! दर खंडेनवमीला रिव्हॉल्व्हरची पूजा होते, काडतुसांचीही होते, आणि आधी आबा सगळ्यावर मशीनचं तेल फिरवतात. "तेलानं गंज येत नाही," ते म्हणाले. मी काही बोलले नाही. तेव्हा मलाही त्यातलं काही कळत नव्हतं.

९ मार्च, रविवार

नळीच्या लांबीनं दिवसभर डोकं खाल्लं.

पिस्तुलाची नळी मोजताना चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, धरतात. रिव्हॉल्व्हरची नळी सिलिंडरच्या पुढून मोजतात, चेंबर सिलिंडरमध्येच राहतं. म्हणजे तीन इंची पिस्तुलात गोळीला धावायला तीन इंच मिळतच नाहीत, आणि दोन इंची रिव्हॉल्व्हर कागदावर दिसतं तितकं आखूड नसतं. जाहिरातीतले आकडे शेजारी शेजारी ठेवून तुलना करणारा माणूस इथे फसतो. रिव्हॉल्व्हरचा आणखी एक खर्च असतो: सिलिंडर आणि नळी यांच्यामधली फट. वहीच्या दोन कागदांएवढी. तेवढ्यातूनही वायू निसटतो. धरताना बोट तिथे गेलं तर भाजतं, कापतंसुद्धा. मॉडेलमध्ये ही फट मी लाल रंगवणार.

छोट्या नळीत होतं काय? दारू जळते, वायू फुगतो, गोळीला ढकलतो. ढकलायला मिळणारी वाट संपली की उरलेला दाब आणि अर्धी जळलेली दारू तोंडातून बाहेर पडते. त्याचाच जाळ, त्याचाच कानठळ्या बसवणारा आवाज. आपण दिलेल्या पैशातला काही भाग दिवाळीसारखा हवेत उडतो. ठोकताळा असा की नळी एक इंचानं कमी झाली की वेग सेकंदाला साधारण ८ ते १५ मीटरनं उतरतो. काडतूस बदललं की आकडा बदलतो, म्हणून फलकावर पट्टा दाखवायचा, एक आकडा नाही.

१६ मार्च, रविवार

आज हिशेब. .३२ रिव्हॉल्व्हरची नेहमीची गोळी ९८ ग्रेन, म्हणजे ६.३५ ग्रॅम. वेग सेकंदाला २१५ मीटर धरला तर ऊर्जा १४७ ज्यूल. मार्केट यार्डातलं पाच किलोचं माप तीन मीटरवरून सोडलं तर जेवढी, बरोबर तेवढी. .३२ पिस्तुलाची गोळी हलकी, साडेचार ग्रॅमच्या थोडी वर, पण वेगवान: १७० ज्यूलच्या पुढे. पोलिसांकडची ९ मिलिमीटर साधारण ४९० ज्यूल, तेच माप दहा मीटरवरून. अर्थात ९ मिमी हा प्रतिबंधित बोअर, सामान्य परवान्यावर मिळत नाही.

सरांना आकडे पाठवले. उत्तर आलं: "मापाचं उदाहरण ठेव. पण ऊर्जेवर भाळू नकोस. ऊर्जेनं माणूस थांबत नाही, गोळी कुठे आणि किती खोल गेली यानं थांबतो." मग त्यांनी १९८६ची गोष्ट सांगितली. ११ एप्रिल, मायामी. बँका लुटणाऱ्या दोघांशी एफबीआयची चकमक. एका लुटारूला सुरुवातीलाच ९ मिमीची पोकळ तोंडाची गोळी लागली. दंडातून छातीत शिरली, ठरल्याप्रमाणे फुलून रुंद झाली, आणि हृदयाच्या अलीकडे थांबली. जखम जीवघेणीच होती, पण तो त्यानंतरही लढत राहिला. दोन एजंट ठार झाले, पाच जखमी. तिथून पुढे एफबीआयनं काडतुसं तपासायची पद्धत बसवली: मांसाच्या जागी ठेवलेल्या दहा टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी किमान १२ इंच गेली पाहिजे, १८ इंचांपेक्षा जास्त नको. आपल्या मापात ३० ते ४५ सेंटिमीटर. नुसत्या जिलेटिनवर नाही, तर पुढे जाड कपडे, प्लायवूड, जिप्सम बोर्ड, पत्रा, गाडीची काच ठेवूनही.

छाती कुठे तीस सेंटिमीटर असते, असं मी विचारलं. सर म्हणाले, समोरचा माणूस तुझ्यासाठी फोटो काढायला उभा राहत नाही. तो तिरका असतो, हात पुढे असतो, आधी दंड मग छाती. आणि मायामीत झालं ते हेच.

३० मार्च

पाडवा. काम नाही. श्रीखंड.

५ एप्रिल, शनिवार

भोसरीला लेथवर. दहापट मोठ्या गोळ्या ॲल्युमिनियममध्ये कातून घेतल्या. तीन: गोल तोंडाची, पोकळ तोंडाची, आणि चपट्या तोंडाची. ८० मिमीचा बार. लेथवाल्यानं नकाशा बघून विचारलं, "ताई, हे फुलदाणी आहे का?" पोकळ तोंडाची खरंच फुलदाणीसारखी दिसते. चौथं मॉडेल म्हणजे तीच गोळी फुलल्यावर: कडा मागे वळलेल्या, अळंबीसारखी. ते लेथवर होत नाही, तांब्याच्या पत्र्यावर मी आणि तांबट आळीतल्या एका कारागिरानं ठोकून केलं. पत्र्याला आधी सहा चिरा दिल्या, कारण खऱ्या गोळीच्या आवरणालाही अशाच चिरा असतात, म्हणजे ते ठरावीक जागी फाटून पाकळ्या होतात. हे मॉडेल सगळ्यात देखणं झालंय. त्यामुळेच मला त्याची भीती वाटते. बॅचमधले लोक याचेच फोटो काढणार.

पोकळीचं काम साधं आहे. ओल्या मांसात गोळी शिरली की पोकळीत पाणी भरतं, दाब वाढतो, कडा बाहेर वळतात. व्यास वाढतो म्हणून वाट रुंद होते आणि गोळी लवकर थांबते, पलीकडून बाहेर पडून तिसऱ्याला लागायची शक्यता घटते. पण हे सगळं वेगावर चालतं. छोट्या नळीतून वेग कमी निघाला की पोकळी फुलायचं विसरते, आणि पुढे कापड आलं तर त्याचा बोळा पोकळीत बसून ती बंदच होते. मग ती पोकळ तोंडाची गोळी एक महागडी गोल तोंडाची गोळी उरते.

अमेरिकन कारखान्यांनी यावर उपाय काढले. पोकळी रुंद केली, शिसं मऊ घेतलं, आवरण शिशाला चिकटवून टाकलं, दारू लवकर जळणारी आणि जाळ कमी करणारी वापरली. स्पीअरची .३८ स्पेशलमधली १३५ ग्रेनची 'शॉर्ट बॅरल' गोल्ड डॉट अशी खास दोन इंची रिव्हॉल्व्हरसाठी केलेली. हॉर्नाडीनं पोकळीत आधीच मऊ प्लास्टिकचा दट्ट्या भरून ठेवला, म्हणजे कापडाला शिरायला जागाच नको. युक्ती आवडली. आई लोणच्याच्या बरणीच्या तोंडाशी फडकं कोंबते त्याच्या उलट.

तरी ज्याच्या अंगी मुळात जोर कमी, अशा छोट्या बोअरला एक पेच सुटत नाही. फुलली तर खोल जात नाही, खोल गेली तर फुललेली नसते. .३२ आणि .३८०च्या बाबतीत हा पेच पाठच सोडत नाही.

१२ एप्रिल, शनिवार

जिलेटिनचा दिवस आणि घरात महाभारत.

पद्धत मार्टिन फॅकलर या अमेरिकन लष्करी सर्जननं घालून दिलेली: वजनानं दहा टक्के जिलेटिन, चार अंश सेल्सिअसला थंड केलेलं. ठोकळा नीट झाला का ते बघायला त्यात ४.५ मिमीचा पोलादी छर्रा सेकंदाला १८० मीटर वेगानं मारतात, तो साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास गेला पाहिजे. छऱ्याची बंदूक क्लबकडे आहे, त्या बोअरला २० ज्यूलपर्यंत परवाना लागत नाही. मनात होतं, ठोकळा करू, छर्रा मारू, त्याचा रस्ता दिसेल, फोटो काढू.

रविवार पेठेत केकच्या सामानाच्या दुकानातून एक किलो जिलेटिन आणलं. नऊ लिटर कोमट पाणी, हळूहळू ढवळलं. तापवलं तर ताकद जाते. फेस काढायला तासभर. पिठाच्या स्टीलच्या डब्यात ओतलं आणि फ्रिजचा मधला कप्पा काढून आत सरकवलं. आईनं विचारलं, "एवढी कसली जेली?" आणि मी, मूर्ख, खरं सांगितलं. हाडं आणि कातड्यापासून करतात म्हणाले.

आई माळकरी. चाळीस वर्षं वारी केलेली. तिनं एक शब्द न बोलता फ्रिजमधलं दूध, दही, कोथिंबीर, सगळं बाहेर काढून ठेवलं. आबा तेवढ्यात आत आले, बघितलं आणि परत बाहेर गेले. डबा रात्री साडेदहाला रिक्षातून क्लबच्या कँटीनमध्ये. रिक्षावाल्याला वाटलं बासुंदी आहे. घरी आल्यावर फ्रिज सोड्यानं धुतला, दोनदा, आणि डबा आता घरी परत येणार नाही असं ठरलं.

१९ एप्रिल, शनिवार

कँटीनमध्ये रात्री लाइट गेली होती, कुणाला किती वेळ ते ठाऊक नाही. ठोकळा वरून घट्ट, खाली पिवळं पाणी. तरी दहा मीटरवर मांडून सरांनी दोन छर्रे मारले. एक आरपार गेला, दुसरा कुठे गेला ते अजून सापडलेलं नाही. बाहेर ऊन रणरणतंय. पुण्याच्या एप्रिलमध्ये चार अंश ही गोष्ट आपल्या आवाक्यातली नाही, आणि जिलेटिनच्या ठोकळ्याचा प्रदर्शनाला उपयोग नाही, आठवड्यात वास मारेल. एक किलो जिलेटिन पाण्यात. हे बिलात लावणार नाही.

३ मे, शनिवार

जेल मेणबत्तीवाल्यांकडे जे पारदर्शक जेल मिळतं ते खनिज तेल आणि पॉलिमरचं असतं. कशाच्या हाडाचं नाही, वास नाही, उन्हात वितळत नाही. चाळीस सेंटिमीटर लांब ठोकळा ओतला, बुडबुडे घालवायला भट्टीत मंद आचेवर सहा तास ठेवला. आरशासारखा निघाला. त्याच्यावर ३० आणि ४५ सेंटिमीटरच्या दोन रेघा ओढायच्या होत्या, ठोकळा ४०चा, म्हणून ४५ची रेघ ठोकळ्याबाहेर फळीवर आली. ते उलट बरंच झालं. बघणारा विचारतो, ही रेघ बाहेर का? मग सांगता येतं की गोळी ठोकळ्याबाहेर गेली की मागे भिंत आहे, भिंतीमागे शेजारी आहेत.

यात गोळी मारलेली नाही. वाटा मी गरम सळईनं केल्यात आणि खालच्या पट्टीवर तसं स्पष्ट लिहिलंय. दाखवण्यासाठीचं मॉडेल, चाचणीचा ठोकळा नव्हे.

कापडाचा प्रयोग मात्र खराखुरा. पोकळ तोंडाचं मोठं मॉडेल उलटं धरून आर्बर प्रेसनं हळूहळू चार पदरी जीन्सवर दाबलं. करंजीच्या वाटीनं कापावं तसा गोल तुकडा कापला गेला आणि पोकळीत घट्ट बसला. पक्कडीनंही निघेना. तोच तुकडा तसाच ठेवलाय, प्रदर्शनात तोच जाणार. अमेरिकेतल्या एका तपासणीत चार पदरी जीन्स घेतात. मी त्याच्या शेजारी आपल्याकडचं एक ठेवलं: स्कूटरवरचा स्कार्फ, त्याखाली ओढणी, त्याखाली कुर्ता. बोळा आणखी मोठा झाला.

११ मे, रविवार

चपट्या तोंडाच्या गोळीसाठी आज निम्मा फलक वाढवून घेतला. तिला वॉडकटर म्हणतात. दिसायला काहीच नाही: खडूचा तुकडा. गोळी पुंगळीच्या तोंडाशी सपाट बसवलेली, काडतूस कुणी वरून कापून नेल्यासारखं. कागदावर ती पंच मशिननं पाडल्यासारखं स्वच्छ भोक पाडते, म्हणून गुण मोजायला सोपी. २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल या स्पर्धाप्रकारात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरपर्यंतचा बोअर चालतो आणि बहुतेक नेमबाज .३२ वॉडकटरच वापरतात. जसपाल राणानं २००६च्या दोहा एशियाडमध्ये याच प्रकारात ५९० गुण करून विश्वविक्रमाशी बरोबरी केली होती.

गंमत अशी की छोट्या नळीच्या रिव्हॉल्व्हरसाठीही बरेच जाणकार हळू पळणाऱ्या वॉडकटरकडे वळतात. कारण तिला फुलावं लागत नाही. तोंड आधीच सपाट असल्यानं ती पेशी बाजूला सारत नाही, कापत जाते. कापडानं बंद व्हायला तिला पोकळीच नाही. धक्का कमी, म्हणून दुसरा बार नेमावर राहतो. आणि अर्ध्या किलोच्या 'निर्भीक'सारख्या हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये धक्का हाच सगळ्यात मोठा शत्रू. खोट एकच: सपाट तोंडाचं काडतूस घाईत चेंबरमध्ये घालताना कडेला अडकतं.

सरांचा आक्षेप: "हे वाचून उद्या कुणीतरी स्पर्धेची गोळी घरात ठेवेल." माझं उत्तर: तो निदान महिन्यातून एकदा ती उडवेल तरी. सर हसले. मजकूर राहिला.

१७ मे, शनिवार

आबांना फलकाचे कच्चे प्रिंट दाखवले. चष्मा लावून अर्धा तास वाचले. मग: "ही पोकळ गोळी म्हणजे दमदम का गं?"

जवळजवळ. कोलकात्याजवळच्या दमदम कारखान्यात १८९०च्या दशकाच्या शेवटी कॅप्टन बर्टी-क्ले यांनी .३०३ रायफलसाठी जी गोळी केली तिच्या टोकावरून आवरण काढून शिसं उघडं ठेवलं होतं. पोकळी नव्हती. सरहद्दीवरच्या लढायांत साध्या गोळीनं पठाण थांबत नाहीत अशी इंग्रजांची तक्रार होती. १८९९च्या हेगच्या जाहीरनाम्यानं युद्धात अशा फुलणाऱ्या गोळ्यांवर बंदी आणली. ती बंदी देशादेशांतल्या युद्धापुरती, म्हणून अनेक देशांचे पोलीस पोकळ तोंडाची गोळी वापरतात. आबा म्हणाले, "म्हणजे सैनिकाला चालत नाही ते चोराला चालतं." यावर मला उत्तर सुचलं नाही. फलकावर हा भाग चार ओळीत उरकलाय.

२५ मे, रविवार

चार दिवस धो-धो पाऊस. मे महिन्यात! कारखान्यात पाणी, छपाई लांबली. घरी बसून 'बत्तीस'चा फलक पुन्हा लिहिला.

हा फलक खरं तर पहिला हवा. आपल्याकडे .३२ रिव्हॉल्व्हर आणि .३२ पिस्तूल, दोघांनाही लोक नुसतं "बत्तीस" म्हणतात. काडतुसं वेगळी. रिव्हॉल्व्हरचं १८९६चं, स्मिथ अँड वेसन लाँग. पिस्तुलाचं १८९९चं, ब्राउनिंगचं, आखूड आणि जास्त दाबाचं. त्याच्या बुडाला बारीकशी कड असते, त्यामुळे ते कित्येक रिव्हॉल्व्हरच्या चेंबरमध्ये जाऊन बसतं. बसतं म्हणून चालतं असं समजू नये. जुन्या, वरून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरला तो जादा दाब झेपेलच असं नाही. दोन्ही काडतुसांची दहापट मॉडेलं शेजारी ठेवली, बुडाच्या कडा पिवळ्या रंगवल्या. ज्याला एवढंच कळलं त्याची फी वसूल.

कायद्याचा फलकही आज संपवला. छोटासाच ठेवलाय. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, खासगी संरक्षणाचा हक्क आता कलम ३४ ते ४४मध्ये. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. कलम ३७. हे मी ठळक केलं.

८ जून, रविवार

आबा क्लबवर आले. त्यांचा हट्ट: "तू एवढं करतेस, मला माझं उडवून बघू दे." शेवटचा बार कधी काढला होता ते त्यांनाही आठवेना. गेल्या वर्षी निवडणुकीत रिव्हॉल्व्हर चौकीत जमा होतं, परत आल्यावर तसंच कपाटात गेलं. बरोबर बारा काडतुसं. पट्ट्यातली सहा, डबीतली सहा. सरांनी आधी सगळी भिंगातून बघितली. जास्त कळकलेल्या दोन बाजूला काढल्या, त्या उडवायच्याच नाहीत म्हणाले. उरल्या दहा.

पहिले तीन नीट. दहा मीटरवर, कागदावर लागले. आबांचा चेहरा पोरासारखा. चौथ्याला नुसतं 'टक'. आबा लगेच पुन्हा घोडा ओढायला गेले, सरांनी हात धरला: "थांबा. तोंड पुढेच ठेवा." तीस सेकंद. दारू कधीकधी उशिरा पेटते. पेटली नाही. पाचवा गेला. सहावा 'टक', पुन्हा तीस सेकंद.

दुसऱ्या भरणीतला पहिला नीट. दुसऱ्याचा आवाज वेगळा. बार झालाच नाही म्हणा, 'फुस्स' झालं. भिजलेल्या लवंगीसारखं. कागदावर भोक नाही. आबांचं बोट पुन्हा घोड्यावर.

सर ओरडले. इतक्या महिन्यांत त्यांना ओरडताना पहिल्यांदा ऐकलं.

रिकामं करून नळीत पितळी सळई घातली. निम्म्यावर अडली. गोळी नळीतच बसली होती. टोपीनं तिला एवढंच ढकललं होतं, दारूनं हातच लावला नव्हता. तिच्या पाठीवर पुढचा बार गेला असता तर नळी फाटली असती, आबांच्या हातात. उरलेली दोन तशीच ठेवली.

सरांनी न विचारता कारण सांगितलं. चामड्यातल्या आम्लानं पितळ खाल्लं, आणि तेल. तेल टोपीच्या फटीतून आत झिरपतं आणि आतला मसाला मारून टाकतं. आबांनी विचारलं, "दर वर्षी लावलं ते?" सर म्हणाले, "दर वर्षी लावलं तेच."

रिक्षात आबा एकदाच बोलले. "सत्तावीस वर्षं मी हे उशाशी घेऊन झोपलो."

१४ जून, शनिवार

परवानाधारक दुरुस्तीवाल्यानं गोळी मागे ठोकून काढली. नळी फुगलेली नाही. तीच गोळी, शिशाचा आठ मिमीचा गोळा, एका बाजूला सळईचा ठसा.

तिसरा फलक पुन्हा केला. तांब्याची अळंबी कोपऱ्यात गेली, मध्यभागी आता नळीचा दहापट लांब छेद, निम्म्यावर अडकलेली गोळी आणि मागून येणारी दुसरी. मथळा बदलला. आधी होता 'छोट्या नळीसाठी कुठली गोळी?' आता 'तुमचं काडतूस किती वर्षांचं आहे?' खाली बारीक टाइपात: चामड्याच्या पट्ट्यात कायमचं ठेवू नका, तेल लावू नका, कोरड्या डबीत ठेवा, जुनं आधी सरावात संपवा. आवाज वेगळा आला तर थांबा. पूजा करायचीच तर काडतुसाच्या डबीची करा, झाकण लावून. शेवटची ओळ सरांनी घातली.

सगळ्यात भारी गोळी कुठली, याचं उत्तर कुठल्याच फलकावर लिहिलेलं नाही. तीन मॉडेलं शेजारी आहेत, ठोकळ्यावर रेघा आहेत.

अळंबीसाठी मी आणि कारागिरानं घालवलेले अकरा तास हिशेबात तसेच ठेवलेत. ते देखणं आहेच.

२१ जून, शनिवार

काल पालख्या शहरात आल्या, रस्ते बंद, टेम्पो बाणेरच्या अलीकडे दोन तास उभा. फलक लागले. चौथा अर्धा इंच तिरका आहे, सोमवारी क्लब बंद असताना सरळ करेन. पहिल्या बॅचमधला एक जण थेट अळंबीपाशी गेला आणि फोटो काढला, म्हटलं होतं तसंच. मग मागे सरकून अडकलेल्या गोळीपाशी बराच वेळ थांबला.

घरी आले तर आबा जेवणाच्या टेबलावर. परवान्याच्या कोट्यातून नवी काडतुसं आणलीत, पट्टा माळ्यावर टाकलाय. आईकडून तिची लोणच्याच्या बरणीवर लावायची चिठ्ठ्यांची गुंडाळी मागून घेतली होती. डबीवर एक चिकटवली, वर पेनानं: "जून २५. आधी हे." आईनं चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाली, "कैरीच्या बरणीवरची संपायला आली होती, जपून वापरा."

उरलं: फलक क्रमांक चार, बिल, कँटीनमधला पिठाचा डबा.